नवा घडीचा चाकू घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणारे प्रश्न

घडीच्या चाकूचं एखादं नवं मॉडेल जाहीर झालं की महिनाभर तेच ते प्रश्न येत राहतात. आधी "कधी मिळणार", मग "घेऊ काय", आणि हातात पडल्यावर "हे असं कसं काय". पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खिशात मावणारा, ७ ते ९ सेंटिमीटर पात्याचा चाकू धरून उत्तरं दिली आहेत. कंपनी कुठलीही असली तरी ती लागू पडतात.

१. घडीचा चाकू आणि खटक्याचा चाकू एकच काय?

नाही. घडीच्या चाकूचं पातं तुम्ही बोटानं उघडता. त्यासाठी पात्यावर नखाची खाच, खुंटी किंवा भोक असतं, नाहीतर मुठीच्या पाठीतून थोडा कान बाहेर आलेला असतो. खटक्याच्या चाकूत बटण दाबलं की आतली स्प्रिंग पातं बाहेर फेकते. पोलीस या दोघांकडे एकाच नजरेनं बघत नाहीत (प्रश्न २ पाहा).

उघडलेलं पातं कशानं थांबतं, यावरून घडीच्या चाकूच्या जाती ठरतात. साध्या चाकूत पाठीची कमान पात्याला नुसती दाबून धरते, कुलूप नसतं. लहान स्विस चाकू बहुतेक या जातीचे. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या मुळाखाली येऊन बसते. फ्रेम लॉकमध्ये तेच काम मुठीची जाड बाजू करते. बॅक लॉकचा दांडा पाठीवर असतो. फ्रान्सच्या ओपिनेलवर १९५५ पासून फिरणारं कडं आहे. सध्या नवीन येणारी बरीचशी मॉडेलं लायनर किंवा फ्रेम लॉकची असतात, आणि तक्रारीही जास्त त्यांच्याच येतात.

२. खिशात ठेवून बाजारात फिरलं तर पोलीस धरतील काय?

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. तीन-साडेतीन इंचांचा घडीचा चाकू या मापाच्या बराच आत आहे.

अडचण येते ती जमावबंदीच्या काळात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) निघालेल्या आदेशात "शस्त्रं, काठ्या, चाकू बाळगू नयेत" असं कलम बहुतेक वेळा असतंच, आणि तिथे पात्याची लांबी कोणी मोजत बसत नाही. आपल्याकडे १ नोव्हेंबरच्या आसपास, डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला अधिवेशन असताना, गणपती विसर्जनाला आणि निवडणुकीत असे आदेश निघू शकतात. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा.

कोगनोळीचा टोलनाका किंवा शिनोळी ओलांडली की राज्य बदलतं आणि आदेशही बदलतो. कोल्हापूर जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेगळी बंदी लागू असू शकते. बेळगावात मोकळीक आहे म्हणून चंदगडातही असेल असं धरून चालू नका. दिल्लीला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथे १९८० च्या अधिसूचनेनुसार खटक्याच्या आणि गरारीच्या (दातेरी चक्रावर उघडणाऱ्या) चाकूंना ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा आहे.

सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर चाकू चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत सापडला तर तो तिथेच सोडावा लागतो.

३. नवीन मॉडेलला ॲडव्हान्स भरून नंबर लावावा काय, थांबावं?

घाई नसेल तर थांबा, दुसऱ्या लॉटमधला घ्या. उद्यमबागेत व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) चालवणाऱ्याला याचं कारण सांगायला नको. नव्या जॉबचे पहिले पीस सेटिंगमध्येच जातात. जाहिरातीतल्या फोटोत दिसतो तो नमुना एकेक भाग जुळवून, हातानं घासून बसवलेला असतो. कारखान्यात हजारो पाती आणि हजारो पट्ट्या वेगवेगळ्या येतात आणि हाताला लागेल ती जोडी एकत्र बसते. लॉक कुठे टेकतं हे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शावर ठरतं, म्हणून दोष तिथेच आधी उघडा पडतो. भट्टीत पाती वाकणं, धारेच्या ग्राइंडिंगचा कोन दोन्ही बाजूंना सारखा न येणं, या गोष्टीही पहिल्या लॉटमध्येच जास्त दिसतात. त्यात आगाऊ पैसे भरलेल्या लोकांना दिलेली तारीख मानेवर बसलेली असते.

लॉट कसा ओळखायचा? पाकीटबंद मालावर तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. खोक्यावरचं ते लेबल आणि पात्यावरचा नंबर असल्यास तो, दोन्ही बघा. दुकानदार "सगळा एकच माल" म्हणाला तरी लेबल स्वतः वाचा.

तरी पहिल्या लॉटमधलाच हवा असेल तर परत घेण्याची मुदत आधी विचारा आणि प्रश्न ६ मधली तपासणी खोकं फोडल्याच्या दिवशीच करा.

४. आमच्याकडे पाऊस फार. कुठलं स्टील चालतंय?

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला राहत असाल तर धार किती टिकते याच्या आधी गंज बघा. स्टीलमधलं मोकळं क्रोमियम गंज रोखतं. कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून बनलेल्या कडक कणांत) अडकलेलं क्रोमियम या कामाला येत नाही. डी-टू नावाच्या स्टीलमध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम आहे, पण कार्बनही दीड टक्का, त्यामुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये बांधलं जातं. जाहिरातीत त्याला स्टेनलेसच्या रांगेत बसवतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये पुसायचं राहिलं की त्यावर तपकिरी ठिपके येतात. धार मात्र ते छान धरतं.

स्वीडनचं १४सी२८एन पावसाळी भागाला चांगलं. त्यात क्रोमियम १४ टक्के आहे, कार्बन कमी आहे आणि थोडा नायट्रोजन आहे. चीनचं ८सीआर१३एमओव्ही स्वस्त चाकूंत येतं. गंज बऱ्यापैकी सोसतं, धार लवकर उतरते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत चढते. ४४०सीमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, तेही चालेल. निपाणी, अथणी, रायबागकडे हवा कोरडी आहे, तिथे डी-टूचा एवढा त्रास नाही.

स्टीलच्या नावाचा फार बाऊ करू नका. तेच स्टील एकानं नीट तापवलं, थंड केलं आणि दुसऱ्यानं घाईत उरकलं, तर दोन चाकूंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लोहार पोलादाला पाणी देतात म्हणजे हेच करतात, आणि चाकू तिथेच जमतो किंवा बिघडतो.

५. खोक्यावर "५८-६० एचआरसी" लिहिलंय. ते खरं आहे हे कसं कळणार?

एचआरसी म्हणजे रॉकवेल सी मापावरचा कडकपणा. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू आधी १० किलोच्या आणि मग १५० किलोच्या भारानं दाबतात, तो किती खोल गेला त्यावरून आकडा येतो. हीट ट्रीटमेंटच्या युनिटमध्ये हे मशीन असतंच, ओळखीनं एक पातं तपासून मिळेल. पण पातं सुटं करावं लागतं, बारीक खड्डा राहतो आणि वॉरंटी हातची जाते. केलंच तर मुळाजवळच्या सपाट भागावर करा. धारेजवळच्या निमुळत्या भागावर आकडा चुकीचा येतो.

घरी करायची तपासणी वेगळी. धार लावून काथ्याचा दोर लाकडावर ठेवून ५० वेळा कापा. मग धार दिव्याखाली धरा. धार एका बाजूला वळली असेल तर पातं मऊ आहे. बारीक खांडे पडले असतील तर जास्त कडक आहे किंवा धारेचा कोन फार पातळ आहे. कानस घासून बघू नका. त्यातून आकडा कळत नाही, चरा मात्र कायमचा राहतो.

६. हातात आल्यावर पहिल्या दिवशी काय काय बघायचं?

खोकं फोडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ घ्या, लेबल दिसू द्या. मग या क्रमानं बघा. तेल, पाना यातलं काही अजून लावायचं नाही.

बंद चाकू पातं खाली येईल असा धरून मनगटानं दोनदा हलका झटका द्या. पातं आपोआप बाहेर आलं तर खिशातही येईल. हा दोष धोक्याचा आहे, थेट परत करा. लॉकच्या पट्टीवरची बारीक गोळी पात्यातल्या ज्या खड्ड्यात बसते तो खड्डा उथळ किंवा चुकीच्या जागी असला की असं होतं.

आता उघडा. लॉकची पट्टी पात्याच्या मुळाखाली किती आत गेली ते वरून बघा. नव्या चाकूत पात्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत गेलेली चांगली. जेमतेम कडेला टेकली असेल तर घसरण्याची भीती. पार पलीकडच्या बाजूला गेली असेल तर पुढची झीज सामावायला जागाच उरलेली नाही.

बोटं पात्याच्या वाटेतून काढा, मूठ घट्ट धरा आणि पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर हळूहळू जोर वाढवत दाबा. पट्टी जराही सरकता कामा नये. काहीजण पाठ टेबलावर आपटून बघतात. ते करू नका, त्यानं चांगलं लॉकही खराब होतं.

पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. डावी-उजवीकडचा थोडा खेळ स्क्रूनं जातो (प्रश्न ७). वर-खालचा खेळ लॉकच्या बसण्यातला आहे, तो स्क्रूनं जात नाही. लॉक सोडताना पट्टी चिकटून अंगठ्यानं जोर काढावा लागत असेल तर प्रश्न ८ बघा.

शेवटी धार वर करून दिव्याखाली धरा. चांगल्या धारेवरून उजेड परत येत नाही. चमकणारे ठिपके दिसले तर तिथे धार बोथट आहे किंवा खांडा पडलाय. टोकाकडे दोन्ही बाजूंची धारेची पट्टी सारख्याच रुंदीची आहे काय तेही बघा. थोडा फरक सगळ्यांत असतो. एक बाजू दुसरीच्या दुप्पट रुंद असेल तर कुरकुर करायला हरकत नाही.

७. बंद केल्यावर पातं मधोमध नाही, एका बाजूला झुकतंय. खराब पीस काय?

पातं मुठीच्या आतल्या बाजूला घासत नसेल तर तो दिसण्याचा दोष आहे, कामात फरक पडत नाही. घासत असेल तर परत करा किंवा दुरुस्त करा.

पिव्होटचा (पातं ज्या खिळीवर फिरतं तिचा) स्क्रू थोडा ढिला किंवा जास्त आवळलेला असला की पातं झुकतं. एका वेळी आठवा हिस्साच फिरवायचा आणि प्रत्येक वेळी उघडून-मिटून बघायचं. तरी मधोमध येत नसेल तर एका बाजूचं वायसर जाड आहे, आतली पट्टी वाकली आहे किंवा पातंच भट्टीत वाकलंय. वाकलेलं पातं ओळखायला चाकू उघडा आणि पाठीवरून बंदुकीचा नेम धरल्यासारखं सरळ रेषेत बघा. कडक झालेलं पातं शिकंज्यात धरून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, मधूनच तुटतं.

८. लॉक चिकटतंय. तेल सोडू काय?

लॉक टेकतं त्या जागी तेल नको, घसरेल. ती जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पात्याच्या मुळावर जिथे पट्टी टेकते तिथे साध्या शिसपेन्सिलीनं घासा आणि शंभर-दोनशे वेळा उघडा-मिटा. ग्राफाइट कोरडं राहून चिकटणं कमी करतं. टायटॅनियमच्या फ्रेम लॉकमध्ये हा त्रास जास्त असतो, कारण टायटॅनियम पोलादावर घासलं की चिकटतं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर टेकण्याचा कोन चुकलाय, तो कंपनीनंच घासून द्यायचा.

९. उघडताना वाळू गेल्यासारखं करकरतंय. कुठलं तेल?

नव्या चाकूत बहुतेक वेळा पॉलिशचा गाळ राहिलेला असतो. डब्ल्यूडी-४० मारून उघड-मीट करा, काळं पाणी बाहेर येईल ते पुसा, येईनासं होईपर्यंत. ते वंगण म्हणून टिकत नाही, उडून जातं, म्हणून मग पिव्होटच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. जास्त सोडलं तर खिशातला सगळा कचरा तिथे गोळा होतो.

खोबरेल सोडू नका. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या सकाळी बेळगावात पारा याच्या बराच खाली असतो, आणि मग "थंडीत चाकू उघडत नाही" अशी तक्रार येते. शेंगतेल हवेत चिकट होऊन बसतं. चाकूनं फळं कापत असाल तर औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणा, ते पोटात गेलं तरी अपाय नाही.

१०. स्क्रू खोलून आत बघायला काय हरकत?

परत घेण्याची मुदत संपायच्या आत मुळीच खोलू नका. काही कंपन्या खोललेल्या चाकूची वॉरंटी मानत नाहीत, कार्ड वाचा.

नंतर खोलायचाच असेल तर खाच ताऱ्यासारखी असते, बहुतेक टी-६ (क्लिपचे) आणि टी-८ (पिव्होटचा). ॲलन की घुसवलीत की खाच गोल झालीच म्हणून समजा. स्क्रू हलत नसेल तर थ्रेडलॉकर (स्क्रू पक्का धरणारा गोंद) लावलेला आहे. तापलेल्या सोल्डरिंग गनचं टोक स्क्रूच्या डोक्यावर वीस-तीस सेकंद धरा आणि लगेच फिरवा. मूठ प्लास्टिकची असेल तर जपून. बेअरिंगवाला चाकू पांढऱ्या कापडावर खोला. दीड मिलिमीटरची गोळी एकदा फरशीवर पळाली की सापडत नाही.

११. नवीन असून आठवड्यात धार गेली. स्टील खोटं आहे काय?

एवढ्यात ठरवू नका. कारखान्यात शेवटची धार वेगानं फिरणाऱ्या पट्ट्यावर लावतात. पाण्याशिवाय लावली की धारेची अगदी कड तापून मऊ पडते. दोन-तीनदा दगडावर लावली की तो थर निघून जातो आणि खरं पोलाद लागतं. त्यानंतरही धार टिकत नसेल तर तक्रार करा.

दगड १००० ग्रिटचा पुरेसा, फार बोथट असेल तर आधी ४००. दर बाजूला २० अंश धरा. २५ मिलिमीटर रुंद पात्यासाठी पाठ दगडापासून साधारण साडेआठ मिलिमीटर वर, म्हणजे दहा रुपयांची पाच नाणी एकावर एक ठेवल्याएवढी. दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीत बारीक काटा बोटाला जाणवेपर्यंत एकच बाजू घासा, मग उलटा.

गल्लीत सायकलवर साण फिरवणाऱ्याकडे हा चाकू देऊ नका. त्याची साण विळीला आणि कोयत्याला ठीक. पातळ पातं तिच्यावर तापतं. धारेवर निळा रंग दिसला की तिथलं तापमान ३०० अंशांच्या घरात गेलं होतं, तेवढा भाग मऊ झाला.

१२. फणस, काजू, ऊस, नारळ यातलं काय काय चालतं?

फळ, दोर, पोतं, तंबाखूच्या गठ्ठ्याची सुतळी, रोपाची कलमं चालतात. उसाचं कांडं सोलायला ठीक, पण पेरं तोडायला कोयता घ्या. नारळ फोडणं, डबा उचकटणं, टोकानं स्क्रू फिरवणं बंद. तुटलेलं टोक बहुतेक कंपन्या वॉरंटीत बदलून देत नाहीत.

फणस कापण्याआधी पात्याला तेल चोळा, चीक सहज सुटतो. पिव्होटमध्ये शिरलेला चीक मात्र खोलल्याशिवाय निघत नाही, म्हणून फणसाला खरं तर विळीच बरी. काजूच्या बोंडाचा रस, चिंच, कैरी, लिंबू यांनी पातं त्याच दिवशी काळवंडू शकतं. काळा-करडा डाग असेल तर भिऊ नका. लाल किंवा तपकिरी असेल तर ब्रासोनं घासून काढा, धुऊन कोरडं करा. चामड्याच्या पाकिटात कायमचा ठेवू नका. चामडं ओल धरतं, गंज आतून सुरू होतो.

१३. खोटा माल कसा ओळखायचा?

आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, देश, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा नंबर लागतो. यातलं काहीच नसेल तर माल नकली आहे किंवा चोरवाटेनं आलेला आहे. दोन्हींत वॉरंटी मिळणार नाही. वजन कंपनीनं दिलेल्या आकड्याशी जुळवा, सोनाराचा काटा बरा. पाच-सात ग्रॅमपेक्षा जास्त फरक संशयास्पद.

१४. दुकानदार पुण्या-मुंबईचा, आम्ही बेळगावचे. तक्रार कुठे करायची?

बेळगावातच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं. जीएसटीचं बिल, प्रश्न ६ मधला व्हिडिओ आणि विक्रेत्याशी झालेलं लेखी बोलणं जपून ठेवा. फोनवरचं "बघतो साहेब" कुठे दाखवता येत नाही.

१५. मी डावरा. लायनर लॉक चालेल काय?

चालेल, पण सोडताना अंगठ्याऐवजी तर्जनीनं पट्टी ढकलावी लागते, आणि जोरात कापताना डाव्या हाताची बोटं पट्टीवर दाब देऊ शकतात. बॅक लॉक किंवा ओपिनेलसारखं कडं दोन्ही हातांना सारखंच. क्लिप बाजू बदलून लावता येते काय हे आधी विचारा.

१६. खंडेनवमीला पूजेत ठेवला, आता उघडताना घट्ट लागतंय.

ओलं हळद-कुंकू पिव्होटमध्ये शिरून वाळलंय. प्रश्न ९ प्रमाणे धुऊन काढा, दोन दिवसांपेक्षा जास्त राहू देऊ नका. पुढच्या वर्षी चाकू मिटवून ठेवा आणि कुंकू मुठीला लावा.